भर उन्हाळ्यात कुंड्यांमधली भाजी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोपं लावून दोन-अडीच महिने झालेत. पहिली फुलं येऊन गेली, चार फळं हाती लागली आणि आता सगळं अचानक अडून बसल्यासारखं वाटतंय. या टप्प्यावर माणसं विचारतात ते प्रश्न जवळपास ठरलेले असतात. उत्तरं वाचण्याआधी माझा कल कुठे आहे तेवढं सांगून ठेवते: पानावर दिसणाऱ्या बहुतेक तक्रारी कुंडीच्या आत, मुळांपाशी सुरू होतात. त्यामुळे खाली बऱ्याच ठिकाणी ‘आधी मातीत बोट घाला’ असं वाचायला मिळेल. कंटाळा आला तरी घाला.

दुपारी झाडं मान टाकतात. लगेच पाणी घालायचं का?

थांबा. काकडी, भोपळा, वांगी अशी मोठ्या पानांची झाडं माती ओली असतानाही टळटळीत उन्हात मान टाकतात. पानांतून पाणी ज्या वेगाने उडतं त्या वेगाने मुळांना ते वर चढवता येत नाही. पानं लोंबली की त्यांच्यावर पडणारं ऊनही कमी होतं. ऊन उतरलं की तास-दोन तासांत ती पुन्हा ताठ होतात. संध्याकाळी ताठ दिसली तर झाडाला काहीही झालेलं नाही.

सकाळीही मलूल असतील तर मात्र काहीतरी बिनसलंय. बोट दोन पेरं आत घाला. कोरडं लागलं तर तहान आहे. चिकचिकीत लागलं आणि मातीला आंबूस वास आला तर मुळं कुजू लागली आहेत. पाणी बंद करा, कुंडी सावलीत हलवा, तळाची भोकं काडीने मोकळी करा. मुळं कुजलेलं झाड आणि तहानलेलं झाड वरून अगदी सारखं दिसतं, आणि आपला हात मात्र दोन्ही वेळा झारीकडेच जातो. उन्हाळ्यात कुंडीतली झाडं अशीही मरतात, पाण्यावाचून नव्हे तर पाण्याने.

पाणी नेमकं किती द्यायचं?

तळाच्या भोकांतून वाहेपर्यंत. लिटरमध्येच आकडा हवा असेल तर, २० लिटरच्या कुंडीत फळांनी लगडलेलं टोमॅटोचं झाड कडक उन्हाच्या दिवशी दोन-तीन लिटर सहज पितं. त्याच कुंडीतली मिरची त्याहून कमी पिते. वाऱ्यावरची कुंडी आडोशाच्या कुंडीपेक्षा लवकर सुकते. म्हणून कोणाचा तरी आकडा घेऊन रोज तितकंच मोजून घालण्यात अर्थ नाही. कुंडी एका बाजूने किंचित उचलून पाहायची सवय लावा. भरल्या कुंडीचं आणि सुकल्या कुंडीचं वजन आठवड्याभरात हाताला कळायला लागतं.

वेळ सकाळची उत्तम, ऊन चढायच्या आत. दहा लिटरपेक्षा लहान कुंड्यांना संध्याकाळी पुन्हा लागेल. येता-जाता पेलाभर पाणी शिंपडणं मात्र सोडा. त्याने वरचा पातळ थर ओला राहतो, मुळं तिथेच घुटमळतात, आणि तो थर उन्हात सगळ्यात आधी तापतो.

रोज पाणी घालतो, खालून वाहूनही जातं. तरी झाड सुकतंय. असं कसं?

हे माझ्या बाबतीत झालंय, म्हणून जरा सविस्तर सांगते. एका उन्हाळ्यात टोमॅटोचं एक झाड रोज पाणी मिळूनही वाळलं. वैतागून उपटलं आणि मातीचा गोळा हातात घेऊन मधोमध मोडला. बाहेरचा बोटभर थर काळा, ओला. आतला सगळा गाभा फिकट, भुसभुशीत, भाजलेल्या रव्यासारखा कोरडा. मुळांची पांढरी जाळी बाहेरच्या त्या ओल्या सालीपुरतीच होती. आतली मुळं तपकिरी, बोटात धरली की तुटणारी. मी रोज घातलेलं पाणी कुंडीची भिंत आणि मातीचा गोळा यांच्या फटीतून सरळ खाली जात होतं आणि मी ते वाहताना बघून समाधानाने आत जात होते.

कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा पीट (दलदलीतल्या कुजक्या शेवाळाचा भुसा) जास्त असलेलं मिश्रण एकदा पूर्ण सुकलं की आक्रसतं, कडेला फट पडते, आणि मग ते पाणी शोषून घ्यायलाच तयार नसतं. वरून कितीही ओता. उपाय सोपा आहे: मोठ्या टबात निम्म्या कुंडीला लागेल इतकं पाणी घ्या आणि कुंडी त्यात अर्धा तास बसवून ठेवा. वर बुडबुडे येणं थांबलं आणि मातीचा पृष्ठभाग ओलसर दिसला की काढा, निथळू द्या. कुंडी उचलण्यासारखी नसेल तर थोडं पाणी, दहा मिनिटं थांबून पुन्हा थोडं, असं चार-पाच वेळा करा. मग काठाची फट कंपोस्टने दाबून भरा आणि वर आच्छादन घाला.

आच्छादन म्हणजे काय घालायचं?

वाळलेली पानं, पेंढा, नारळाच्या शेंड्या, जे हाताशी असेल ते. तीन ते पाच सेंटीमीटर जाड, बुंध्यापासून दोन बोटं लांब. ताजं कापलेलं गवत जाड थरात नको. ते तापतं आणि चिकट होतं. उन्हाळ्यात एकच काम करायची सवड असेल तर हे करा.

टोमॅटोला आणि मिरचीला फुलं खूप येतात, पण गळून जातात.

उष्णतेमुळे. टोमॅटोचा परागकण दिवसा ३२ ते ३५ अंश सेल्सिअसच्या वर निकामी व्हायला लागतो. रात्रीचं तापमान २२-२४ च्या खाली उतरत नसेल तर फळधारणा आणखी घटते. ढोबळी मिरची आणि घेवड्याचंही जवळपास असंच. भेंडी आणि वांगी त्या मानाने बरीच तग धरतात.

फूल उमलायच्या आठवडा-दोन आठवडे आधी, कळी बारीक असताना, परागकण घडत असतो आणि उन्हाचा मार तेव्हाच सगळ्यात जास्त बसतो. म्हणून उष्णतेची लाट ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी फळं धरतील अशी अपेक्षा करू नका. त्याला वेळ लागतो. या मधल्या काळात लोक घाबरून खत वाढवतात. नत्र वाढलं की झाड हिरवंगार होतं आणि फुलांकडे आणखी दुर्लक्ष करतं. फूलगळ सुरू असताना झाडाला दुपारची सावली द्या, ओल सारखी ठेवा आणि हात आवरा.

तापमान तितकं वाईट नसेल आणि तरी फळ धरत नसेल तर कारण वारा किंवा माश्या नसणं हे असू शकतं. टोमॅटो, मिरची, वांगं यांच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, फक्त पराग हलवून खाली पाडावा लागतो. भुंग्यांसारख्या काही मधमाश्या फूल धरून पंखांचे स्नायू थरथरवतात आणि पराग झटकतात. बंद बाल्कनीत हे काम आपण करायचं: सकाळी फुलांच्या घोसाला टिचकी मारा. विजेवर चालणारा जुना टूथब्रश देठाला टेकवला तर त्याची थरथर आणखी बरी.

काकडीला ढीगभर फुलं आहेत, फळ एकही नाही.

ती सगळी नर फुलं असणार. वेलाला सुरुवातीला नर फुलंच येतात; मादी फुलं आठवडा-दहा दिवसांनी दिसू लागतात. ओळखायची खूण सोपी: मादी फुलामागे बोटाच्या टोकाएवढी इवलीशी काकडी असते, नर फुलामागे नुसता देठ. मादी फूल आलं आणि मागची काकडी पिवळी पडून गळली, तर पराग पोहोचला नाही. नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा, मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हळूच फिरवा. सकाळी करा. भोपळ्याची फुलं तर उजाडता उमलतात आणि दुपारपर्यंत मिटून जातात, त्यामुळे उशिरा उठणाऱ्यांनी भोपळ्याच्या वाटेला जाऊ नये. टोकाला बारीक, देठाला फुगीर अशी वाकडी काकडी आली तर पराग अर्धवट पोहोचला असं समजा. खायला ती चांगलीच असते.

परागीभवनाशिवाय धरणाऱ्या काकडीच्या जातीही असतात. बियांच्या पाकिटावर तसं लिहिलेलं असेल तर हा सगळा उपद्व्याप करायची गरज नाही.

टोमॅटोच्या बुडाला काळा, खोलगट डाग पडतोय. अंड्याची टरफलं घालू का?

घाला, पण त्याने या मोसमात काही होणार नाही. टरफलं कुजून त्यातला कॅल्शियम मुळांना मिळायला फार वेळ लागतो, आणि बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम पुरेसा असतोच. अडचण त्याच्या प्रवासाची असते. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबर वर चढतो. पानांतून पाणी जास्त उडतं, म्हणून मोठा वाटा पानांकडे जातो. फळातून फारसं पाणी उडत नाही आणि त्याचं बूड तर देठापासून सगळ्यात लांब. एकदा पानात गेलेला कॅल्शियम परत फळाकडे वळत नाही. त्यात कुंडी दोन दिवस खडखडीत आणि तिसऱ्या दिवशी तुडुंब, असं झालं की वाढत्या फळाच्या बुडापर्यंत पुरवठा तुटतो आणि तिथल्या पेशी मरतात.

म्हणजे हा रोग नाही, एका झाडावरून दुसऱ्यावर जात नाही, आणि औषध मारून जात नाही. डागाळलेलं फळ काढून टाका, ओल एकसारखी ठेवा, नत्राचं खत कमी करा, शक्य असेल तर पुढच्या वेळी मोठी कुंडी घ्या. टोमॅटोला १५ ते २० लिटर हवीच. पहिल्या तोडीत हा डाग जास्त दिसतो आणि पुढे बऱ्याचदा आपोआप कमी होतो. त्यामुळे ज्यांनी तोपर्यंत टरफलं घातलेली असतात त्यांचा टरफलांवरचा विश्वास पक्का होतो.

फळ मोठं झालंय, पण लाल व्हायचं नावच घेत नाही.

टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपीन ३० अंशांच्या वर नीट तयार होत नाही. पिवळी-नारिंगी रंगद्रव्यं तयार होत राहतात. म्हणून कडक उन्हात फळ नारिंगी होऊन अडकतं किंवा देठाजवळचे खांदे हिरवे-पिवळे राहतात. फळाच्या बुडाला पहिली गुलाबी छटा आली की तोडून घरात ठेवा, २० ते २५ अंशांत, उन्हाच्या झोतात नको आणि फ्रिजमध्ये तर नकोच. त्या टप्प्यानंतर फळ झाडाकडून फारसं काही घेत नाही. चव बिघडत नाही. पक्षी, खारी आणि तडे या तिन्हींपासून सुटका होते ती वेगळीच. तडा जातो तोही पाण्याच्या हिसक्यानेच: कोरड्या झाडाला एकदम भरपूर पाणी मिळालं की आतला गर साल ताणण्याच्या आधी फुगतो.

फळावर पांढुरका, कागदासारखा चट्टा असेल तर ते उन्हाने भाजलंय. पानांची छाटणी जास्त झाली असणार.

कुंडी उन्हात किती तापते?

दुपारी दोन वाजता काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीच्या उन्हाकडच्या अंगाला तळहात टेकवून बघा. दहापर्यंत मोजता आलं नाही तर आत मुळांचं काय होत असेल ते कळेल. अशा कुंडीत भिंतीलगतची माती ४५ अंशांपलीकडे जाऊ शकते. ३८-४० च्या पुढे बहुतेक भाज्यांची मुळं काम थांबवतात आणि नाजूक टोकं मरतात, आणि कुंडीत सगळ्यात जास्त मुळं भिंतीलगतच असतात. म्हणून माती ओली, खत व्यवस्थित, किडा नाही, आणि तरी झाड खुंटलेलं, असं दिसतं.

कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवा आणि मधल्या फटीत वाळका पाला भरा. किंवा उन्हाकडच्या बाजूला पांढरं कापड, गोणपाट, लाकडी फळी, काहीही टेकवा. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या तर आतल्यांना बाहेरच्यांची सावली मिळते; बाहेरच्या रांगेत रिकाम्या किंवा काटक झाडांच्या कुंड्या ठेवाव्या. फरशी तापत असेल तर खाली विटा. मातीची कुंडी आणि कापडी ग्रो बॅग यांच्या भिंतीतून पाणी उडतं, त्यामुळे त्या थंड राहतात पण पाणी जास्त मागतात. पत्र्याचे डबे भर उन्हाळ्यात फक्त फोटोत चांगले दिसतात.

शेडनेट किती टक्क्यांची लावू?

टक्के म्हणजे जाळी किती ऊन अडवते ते. फळभाज्यांना ३० ते ३५ टक्के, पालेभाज्यांना ५० पर्यंत. त्याहून दाट नेटखाली टोमॅटो लांबुडका होतो आणि फुलं धरत नाही. झाडाला चिकटवून बांधू नका, हवा खेळायला वर जागा ठेवा. सकाळचं ऊन मिळू द्यावं आणि दुपारपासून आडोसा द्यावा. जुनी पातळ चादर बांधली तरी चालते.

दुपारी पानांवर पाणी पडलं तर थेंब भिंगासारखे होऊन पानं भाजतात, खरं का?

गुळगुळीत पानांवर तसं होत नाही. २०१० साली हंगेरीतल्या संशोधकांनी हे प्रयोग करून तपासलं: सपाट पानावर टेकलेला थेंब किरणं एकत्र आणतो खरा, पण उंच सूर्याचा तो झोत पानाच्या खाली पडतो, पानावर नाही. ज्या पानांवर मेणचट लव असते आणि थेंब तिच्यावर अधांतरी राहतो, तिथे डाग पडू शकतात. तेव्हा झाड खरोखर सुकलं असेल तर दुपारीही पाणी द्या, बिनधास्त. फक्त नळीत तापलेलं पाणी आधी वाहून जाऊ द्या. उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी हात पोळण्याइतकं गरम असतं.

खत किती दिवसांनी?

कुंडीत रोज पाणी घालतो म्हणजे अन्नद्रव्यंही रोज धुऊन जातात, त्यामुळे जमिनीपेक्षा जास्त वेळा खत लागतं हे खरं. पण थोडं-थोडं. पाण्यात विरघळणारं खत सांगितल्याच्या निम्म्या प्रमाणात, दहा-बारा दिवसांनी, आणि नेहमी ओल्या मातीत. कोरड्या मातीत खत घातलं तर मुळं पोळतात. उष्णतेच्या लाटेत झाड वाढच थांबवतं, तेव्हा खताला सुट्टी द्या. महिन्यातून एकदा वर दोन बोटं गांडूळखत पसरलं की खाली बसलेल्या मातीची भरपाईही होते.

कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरी खपली दिसत असेल आणि पानांच्या कडा करपत असतील तर क्षार साचलेत. कुंडीच्या आकाराच्या दुप्पट साधं पाणी हळूहळू आरपार जाऊ द्या आणि दोन आठवडे खत नको.

पानं पिवळी पडताहेत. कशाची कमतरता?

कुठली पानं, यावर अवलंबून. खालची जुनी पानं सरसकट पिवळी होत असतील तर नत्र कमी आहे, किंवा ती पानं म्हातारी झाली आहेत एवढंच. जुन्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. तसंच चित्र कोवळ्या पानांत असेल तर लोह. पण कमतरता ठरवण्याआधी मातीत बोट घाला. भिजट मातीत घुसमटलेल्या मुळांना समोर असलेलं लोहही उचलता येत नाही आणि आपण मात्र बाटल्या बदलत बसतो.

टोमॅटोची पानं गुंडाळली गेलीत. व्हायरस आहे का?

खालची, जुनी पानं वरच्या बाजूला पन्हाळीसारखी वळलेली, जाडसर, पण हिरवी. वरचा शेंडा ठणठणीत. असं असेल तर ती उन्हाची प्रतिक्रिया आहे, सोडून द्या. शेंड्याची कोवळी पानं बारीक, पिवळट, चुरगळलेली आणि झाड बुटकं राहिलं असेल तर तो चुरडा-मुरडा, पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्यावर इलाज नाही. झाड काढा, शेजारच्या झाडांची पानं उलटून पांढरी माशी बघा. जीवावर येतं हे मान्य.

पानांवर बारीक फिकट ठिपके आणि जाळी दिसतेय.

लाल कोळी. गरम आणि कोरड्या हवेत तो झपाट्याने वाढतो. ३० अंशांच्या आसपास अंड्यापासून प्रौढ व्हायला त्याला आठवडा-दहा दिवस पुरतात. जेमतेम अर्धा मिलिमीटरचा असल्यामुळे नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाही. पान पांढऱ्या कागदावर झटका. पडलेल्या धुळीचे काही कण चालू लागले तर तोच.

पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने, दर दोन-तीन दिवसांनी, सलग दोन आठवडे. खूप जाळी धरलेली पानं तोडून बंद पिशवीत टाका. दिसेल ते कीटकनाशक मारू नका. कोळी हा कीटक नसल्यामुळे बरीच औषधं त्याला लागू पडत नाहीत, उलट त्याला खाणारे मित्रकिडे मरतात आणि तो फोफावतो. दोन फवाऱ्यांनी कमी झाला म्हणून थांबलात तर राहिलेली अंडी आठवड्याच्या आत हिशोब चुकता करतात.

मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण?

मावा पाण्याने धुऊन निघतो. पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्याने पुसा. पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे. उरलेल्यांसाठी एक लिटर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि थोडा पातळ साबण, संध्याकाळी, आधी एका पानावर करून पाहून. भर उन्हात तेल फवारलं तर किडीच्या आधी पानंच जळतात.

काकडीच्या पानांवर पिठासारखे पांढरे डाग?

भुरी. या बुरशीला पान ओलं असण्याची गरज नसते, त्यामुळे कोरड्या दिवसांतही येते, विशेषतः दाटीत आणि सावलीत. पानं विरळ करा. दुधाचं पाणी हा उपाय ऐकीव वाटतो, पण १९९९ साली ब्राझीलमधल्या प्रयोगांत झुकिनीवरची भुरी १० टक्के किंवा त्याहून जास्त दुधाच्या फवाऱ्याने चांगली आटोक्यात आली होती. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, उन्हात, आठवड्यातून एक-दोनदा. डाग मोजकेच असतानाच उपयोग. पान पांढरंफटक झाल्यावर तोडणंच बरं.

कोथिंबीर आणि पालक लगेच फुलावर गेले.

जाणारच. पालकाला लांब दिवस, साधारण १४ तासांहून जास्त उजेड, फुलोऱ्याचा इशारा देतो आणि उष्णता त्यात घाई करते. कोथिंबिरीला ऊन आणि तहान पुरते. तुरा खुडून फार तर आठवडा मिळतो. कोथिंबिरीला फुलू द्या. तिच्या बारीक फुलांवर मित्रकिडे येतात आणि शेवटी धणे मिळतात.

आता नवीन काही पेरता येईल का?

भेंडी, चवळी, तुळस, राजगिरा यांना उष्णता आवडते. लेट्यूसचं बी ३० अंशांच्या वर झोपून राहतं, पालकही नीट उगवत नाही. त्यांना सावलीत, थंड जागी रुजवून मग बाहेर आणावं लागतं. पेरलेल्या कुंडीवर रुजेपर्यंत ओलं गोणपाट झाका, पण कोंब दिसताच काढा. एक दिवस विसरलात तर पांढरे, लोळलेले कोंब मिळतात. मी विसरले आहे.

किती दिवसांनी तोडणी करायची?

तुम्हाला वाटतं त्याच्या आधी. फूल उमलल्यापासून चार ते सहा दिवसांत भेंडी तयार होते आणि आणखी दोन दिवसांत जून होते, म्हणून एक दिवसाआड बघावंच लागतं. काकडी पानाआड लपून पिवळी झाली तर वेल तिच्या बियांच्या मागे लागतो आणि नवी फळं धरणं कमी करतो. घेवड्याचंही तसंच. निबर झालेलं खायच्या कामाचं नसलं तरी झाडावरून उतरवा.

काकडी कडू लागत असेल तर उष्णता आणि पाण्याची ओढाताण. कडूपणा देठाकडे आणि सालीखाली जास्त असतो, तेवढा भाग काढून टाका. भोपळावर्गातलं फळ कडूजहर लागलं तर मात्र थुंकून टाका आणि पूर्ण फेकून द्या, शिजवूनही खाऊ नका. त्यातल्या कडू द्रव्याने जोरदार उलट्या-जुलाब होतात.

छाटणी करू का?

या दिवसांत कमीत कमी. सतत वाढणाऱ्या टोमॅटोचे बगलफुटवे बोटाएवढे असतानाच मोडा. झुडपी जातीचे मोडूच नका, फळं त्यांच्यावरच येतात. मातीला टेकलेली पानं काढा. फळांवरची पानं राहू द्या, ती त्यांची छत्री आहे.

आठवडाभर बाहेर जायचंय.

निघायच्या आधी सगळ्या कुंड्या सावलीत एकत्र आणा, तयार आणि अर्धीकच्ची फळंही तोडून टाका, पाणी आरपार द्या, आच्छादन जाड करा. मोठ्या कुंड्यांत चकचकीत लेप नसलेलं मातीचं लहान मडकं गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरा आणि वर झाकण ठेवा. माती सुकेल तसं ते पाझरतं. ही युक्ती दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीविषयक लिखाणातही आढळते. लहान कुंड्यांना बादलीतून सुती दोरीची वात. यातलं काहीही जायच्या आदल्या रात्री पहिल्यांदा करून पाहू नका. चार दिवस आधी लावा, बादली किती उतरते ते बघा.

कुंड्यांखालच्या बशांत पाणी भरून ठेवायचा मोह आवरा. मुळं कुजतात, आणि उष्ण हवेत डासाला अंड्यापासून उडायला जेमतेम आठवडा-दहा दिवस लागतात. एरवीही पाणी दिल्यावर अर्ध्या तासाने बशी रिकामी करावी.

एखादं झाड गेलंच, हे कधी ठरवायचं?

बुंध्याची साल नखाने किंचित खरवडा. खाली हिरवं आणि ओलसर असेल तर जीव आहे. एक तृतीयांश शेंडा खुडा, सावलीत ठेवा, दोन आठवडे द्या. मिरची आणि वांगं अशा अवस्थेतून परत फुटताना मी बऱ्याचदा पाहिलंय. काकडी फारशी परत येत नाही.

साल तपकिरी आणि कोरडी निघाली तर उपटा. उपटल्यावर लगेच टाकू नका: मुळांचा गोळा मोडून आत बघा. कोरडा गाभा, आंबूस वास, मुळांवरच्या गाठी (सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी, असतील तर मुळं मणी ओवल्यासारखी दिसतात), यांतलं काय निघतं त्यावर शेजारच्या कुंड्यांचं काय करायचं ते ठरेल. गाठी निघाल्या तर ती माती पुन्हा टोमॅटो, भेंडी किंवा काकडीला वापरू नका. बाकी माती चाळून, तिच्यात एक तृतीयांश नवं कंपोस्ट मिसळून, ओलसर करून सावलीत झाकून ठेवा. हवा निवळली की पेरणीला तीच लागेल.